वांद्रे-कुर्ला संकुल: खाजणावर उभी राहिलेली बाजारपेठ

१/ मुंबईचा व्यापार दीर्घकाळ फोर्ट परिसरात एकवटला होता. ही गर्दी विखुरण्यासाठी राज्य शासनाने १९७७ मध्ये वांद्रे-कुर्ला पट्ट्याचे नियोजन महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपवले.

२/ मिठीकाठच्या खाजणात भराव पडला. भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले गेले आणि त्या उत्पन्नाने प्राधिकरणाच्या इतर प्रकल्पांना बळ दिले.

३/ राष्ट्रीय शेअर बाजार येथे आला. २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स सुरू झाल्यावर ऑपेरा हाउसचा हिरेव्यापारही येथे सरकला.

४/ तत्पूर्वी, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पसरण्यासाठी पूर्वीइतकी खाजणे न उरलेली मिठी वस्त्यांत शिरली. भूखंडांचे उत्पन्न प्राधिकरणाला मिळाले. पुराची झळ मात्र नदीकाठच्या कुर्लेकरांना बसली.