खुंटा हलवून पाहताना

जमिनीत ठोकलेला खुंटा उपटायचा असला की शेतकरी तो सरळ वर ओढत बसत नाही. आधी डावीकडे, उजवीकडे हिसके देतो. मग ताकद लावूनही न हललेला खुंटा अलगद हाती येतो. आपण बोलताना ‘हलवून खुंटा बळकट’ करतो, पण प्रत्यक्षात हलवलेला खुंटा बहुधा सैल होतो. अतिसंवाहक चुंबकांच्या अभ्यासातला एक अवघड आणि देखणा प्रश्न असाच आडव्या हिसक्यांचा आहे. हे पुस्तक त्याच प्रश्नाभोवती फिरते.

आधी चुंबकाची ओळख. इट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची एक काळी चकती घ्या, बर्फीच्या वडीएवढी. ती प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवा, थर्माकोलच्या भांड्यात द्रव नायट्रोजन ओतून उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करा आणि मग बाहेरचे क्षेत्र सावकाश काढून घ्या. बाहेरचे जाते, चकतीतले राहते. चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल प्रोब पृष्ठभागावरून सरकवला, तर आकडा कडेकडून मध्याकडे चढत जातो. आलेख डोंगरासारखा दिसतो.

हे क्षेत्र चकतीत सलग पसरलेले नसते. अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये दाखवल्याप्रमाणे ते सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपात शिरते. स्फटिकातले दोष या भोवऱ्यांना जागच्या जागी जखडून ठेवतात; हेच आपले खुंटे. भोवरे मध्यात दाट आणि कडेला विरळ असल्याने चकतीत प्रवाह गोल फिरत राहतो. लोखंडी चुंबकाची ताकद अणूंच्या रांगेत असते, तर इथे ती या न थांबणाऱ्या प्रवाहात असते. चार्ल्स बीन यांनी १९६२ मध्ये या प्रवाहाचा हिशेब एका वाक्यात बसवला: जिथे प्रवाह आहे तिथे तो पदार्थाच्या कमाल मर्यादेइतकाच असतो, नाहीतर नसतोच.

या हिशेबाचे फळ मोठे आहे. उत्तम निओडिमियम चुंबकाचे शिल्लक चुंबकन १.४ टेस्लाच्या आसपास थांबते. तोमिता आणि मुराकामी यांनी २००३ मध्ये २९ केल्विनला दोन चकत्यांच्या मधोमध १७.२४ टेस्ला क्षेत्र पकडून ठेवले. २०१४ मध्ये केंब्रिजच्या गटाने २६ केल्विनला १७.६ टेस्ला गाठले.

एकटे सोडले तर हे क्षेत्र फार हळू ओसरते: पहिल्या मिनिटापासून दहाव्यापर्यंत जेवढी घट, साधारण तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. पण चुंबकाच्या अक्षाला काटकोनात, मागेपुढे हेलकावणारे छोटे क्षेत्र लावा. ते चुंबकाच्या विरुद्ध दिशेला नाही, म्हणून त्याने काही बिघडू नये असे वाटते. तरीही पहिल्याच फेरीत आकडा दणकन उतरतो आणि पुढे प्रत्येक फेरीत थोडा थोडा खचत राहतो.

कारण बीन यांच्या वाक्यातच आहे. आडवे क्षेत्र आत शिरू नये म्हणून चकतीच्या वरच्या आणि खालच्या थरांत नवे प्रवाह उभे राहतात. पण ते थर आधीच मर्यादेपर्यंत भरलेले असतात. खच्चून भरलेल्या लोकलमध्ये नवा माणूस घुसला की दारातला जुना फलाटावर पडतो, तसा मूळ प्रवाह त्या थरांतून हद्दपार होतो. हेलकावा उलटला तरी तो परतत नाही, कारण त्याला उभे करणारे क्षेत्र आपण केव्हाच काढून घेतलेले असते.

चकती किती जाड, यावर पुढचे बरेच ठरते. सेंटिमीटरभर जाडीच्या चकतीत दर चौरस सेंटिमीटरला १०,००० अँपिअर वाहत असतील, तर आडव्या क्षेत्राला मध्यापर्यंत पोहोचायला ०.६ टेस्ला लागतात. एक मायक्रॉनच्या पातळ थरात प्रवाह ३०० पट दाट असला तरी ०.०२ टेस्ला पुरतात. हेलकावे या उंबरठ्याच्या आत राहिले तर बीन यांच्या हिशेबाप्रमाणे घसरण कुठेतरी थांबते. उंबरठा ओलांडला तर ती शून्याकडे चालत राहते. अशा चकत्या मोटरच्या फिरत्या भागावर बसवायच्या, तर ही बाब जिव्हाळ्याची ठरते. तिथल्या गुंडाळ्यांचे क्षेत्र पुरते गुळगुळीत नसते, आणि ५० हर्ट्झचा हेलकावाही तासाभरात १,८०,००० वेळा येतो.

खुंट्याची उपमा एका ठिकाणी मात्र तोकडी पडते. इथे जमीन भुसभुशीत होत नाही. स्फटिकातले दोष शाबूत असतात, आणि तीच चकती पुन्हा चुंबकित केली की डोंगर पूर्वीच्याच उंचीचा उभा राहतो. हरवते ते फक्त प्रवाहाचे वाटप, म्हणूनच ते वहीत मांडून तपासता येते.

त्यासाठी वाचकाकडून फार अपेक्षा नाही. अँपिअर आणि फॅरडे यांचे नियम ठाऊक असावेत आणि हाताशी पेन्सिल असावी. पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी चकतीचा उभा छेद काढा, त्यात मूळ प्रवाह दाखवा आणि मग वरचा आणि खालचा थर खोडा. जे उरले, ते पहिल्या हिसक्यानंतरचे चुंबक. दुसऱ्या हिसक्याला किती खोडायचे, हा प्रश्न पडला असेल तर तुम्ही या विषयात आलातच. या, बसा.