पाण्याची चावी

श्रोतेहो, घराला कुलूप असतें, तिजोरीला कुलूप असतें. पण घरांत येणाऱ्या पाण्यालाहि एक कुलूप असतें, याची आठवण आपल्याला बहुधा तें वेळेवर न सांपडल्यामुळें होते. नळाची तोटी निखळते, पाणी उसळूं लागतें, आणि घरांतील मंडळी एकमेकांस विचारूं लागतात, “मुख्य चावी आहे तरी कोठें?” आज या चावीचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे, कारण पाणी बंद करण्याची सत्ता कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

आपल्या वर्धा जिल्ह्यांतील जुन्या घरांना अशा चावीची गरजच नव्हती. विहिरीचें पाणी आपण होऊन घरांत शिरत नसे. दोर-बादलीनें तें वर ओढावें लागे आणि गुंड डोक्यावर घेऊन घरीं आणावें लागे. ओढणारा हात थांबला कीं पाणीहि थांबे. नळानें ही रीत उलटी केली. पाणी आणण्याचे कष्ट गेले, पण तें थांबविण्याची जबाबदारी आली.

ही जबाबदारी प्राचीनांनाहि ठाऊक होती. इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांतील घरांत, शिशाच्या नळांवर बसविलेल्या काशाच्या चाव्या सांपडल्या आहेत. चावीच्या पोटांत आरपार भोंक असलेला खुंटा असे. तो फिरविला कीं प्रवाह चालू किंवा बंद होई. पुढें इ. स. ९७ मध्यें फ्रॉन्टिनस हा रोमच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य अधिकारी झाला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, खाजगी घरांत पाणी नेण्यास सम्राटाची परवानगी लागे, आणि मालक वारला किंवा घर विकलें गेलें तर ती परवानगी पुढच्या धन्याकडे जात नसे. म्हणजे लहान चावी घरांत होती खरी, परंतु मोठी चावी सम्राटाच्या हातीं होती.

आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांच्या काळीं, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें पुण्यास पाणी आणलें गेलें. तें वाड्यांत आणि शहरांतील हौदांत पडे. लोक हौदावर येऊन भांडीं भरीत. मुंबईंत १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी लोखंडी नळांतून आलें. नळांतील दाब वाढला तेव्हां जुन्या खुंट्याच्या तोट्या अपुऱ्या पडूं लागल्या. त्या गळत, आणि एकदम बंद केल्या म्हणजे नळाला हिसका बसे. इंग्लंडांतील रॉदरहॅम येथील गेस्ट आणि क्राइम्स या कारखान्यानें १८४५ मध्यें मळसूत्री तोटी काढली होती. तिच्यांत चकती हळूहळू खालीं बसून पाणी अडविते. घरोघर दिसणारी पिळण्याची तोटी ही तिचीच वंशज होय.

परंतु तोटी सुधारली म्हणून तिच्यावर हात ठेवण्याचा अधिकार सर्वांना मिळाला, असें झालें नाहीं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, असा ठराव रा. सी. के. बोले यांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ मध्यें मंजूर करून घेतला. तरीहि महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेण्यासाठीं डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजीं सत्याग्रह करावा लागला. आपल्या वर्ध्यास जमनालाल बजाज यांनीं १९२८ मध्यें लक्ष्मीनारायण मंदिर सर्वांस खुलें केलें आणि आपल्या शेतांतील विहिरीहि खुल्या केल्या. पाण्याची सत्ता थोड्यांच्या हातून सर्वांच्या हातीं येण्यास असे झगडे करावे लागले.

आतां २०१९ मध्यें सुरू झालेल्या जलजीवन योजनेनें खेड्यांतहि घरोघर नळ नेण्याचें काम चालविलें आहे. पण घराच्या आंत डोकावून पाहावें, तर मुख्य चावीची माहिती पुष्कळदां एकट्या कर्त्या पुरुषासच असते. तो कामावर गेलेला असतांना तोटी तुटली, तर घरांतील सूनबाईनें किंवा म्हाताऱ्या आजीनें काय करावें? ऐन वैशाखांत भरलेली टाकी डोळ्यांदेखत वाहून जाते. पाणी विजेच्या बटनापर्यंत पोंचलें तर जिवावरहि बेततें.

म्हणून कांहीं गोष्टी घरांतील प्रत्येकानें जाणून घ्याव्या. आपल्याकडे नळ ठराविक वेळीं येतात, आणि गच्चीवरील टाकींत पाणी सांठविलेलें असतें. अशा घरांत चाव्या दोन ठिकाणीं पाहाव्या: एक बाहेरून येणाऱ्या नळावर, बहुधा मीटरजवळ किंवा अंगणांतील खड्ड्यांत, दुसरी टाकींतून खालीं उतरणाऱ्या नळावर. न्हाणीघरांतील तोटी टाकीवर चालत असेल, तर अंगणांतील चावी कितीहि आवळली तरी टाकी रिकामी होईपर्यंत गळती थांबावयाची नाहीं. गोल चाकाची चावी घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविली कीं बंद होते. दांड्याची चावी पाव फेऱ्यांत बंद होते. दांडा नळाच्या रेषेंत असला तर पाणी चालू, नळावर आडवा असला तर बंद. बंद करतांना झटका देऊं नये. पाणी तापविण्याचें यंत्र चालू असल्यास तेंहि बंद करावें. दोन-तीन महिन्यांतून एकदां चावी फिरवून पाहावी, नाहीं तर क्षार व गंज चढून ती ऐन वेळीं हलत नाहीं.

श्रोतेहो, ज्या पाण्यावर हात ठेवण्याचा हक्क मिळविण्यास आपल्या वाडवडिलांना झगडावें लागलें, त्याची चावी घरांतील एकाच माणसास ठाऊक असावी, हें बरें नव्हे. आज सायंकाळीं घरांतील सर्वांना, मुलांसुद्धां, बरोबर घ्या. दोन्ही चाव्या दाखवा, आणि प्रत्येकाकडून त्या एकदां बंद करवून पुन्हां उघडून घ्या.