नगरची सर्वात उंच भिंत

गेल्या आठवड्यात लंच टेबलवर एक बिनकामाचा वाद झाला. टीममधला एक जण नुकताच दुबईहून आलेला. बुर्ज खलिफाचे फोटो दाखवत होता. ८२८ मीटर वगैरे. मग गाडी मुंबईच्या टॉवर्सवर आली आणि शेवटी माझ्यावर. "तुमच्या नगरमध्ये काय आहे रे उंच?" सगळे हसले. मी पण हसलो आणि सवयीने म्हणालो, "चांदबिबीचा महाल."

घरी येताना जाणवलं की त्या उत्तरात दोन चुका होत्या.

पहिली चूक नगरकरांच्या अंगवळणी पडलेली आहे. (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) शहराच्या पूर्वेला डोंगरावर जी तीन मजली, अष्टकोनी इमारत दिसते तो चांदबिबीचा महाल नाहीच. ती सलाबतखानाची कबर. सलाबतखान म्हणजे सोळाव्या शतकातल्या मुर्तजा निजामशहाचा वजीर. चांदबिबी १६०० साली भुईकोट किल्ल्यात मारली गेली, या इमारतीशी तिचा संबंध नाही. शाळेच्या सहलीत आम्ही सगळे तिथे जाऊन आलो, डबे खाल्ले, आणि नाव मात्र चुकीचंच पाठ केलं.

दुसरी चूक जास्त गंभीर. ही इमारत उंच वाटते ती डोंगरामुळे. तिची स्वतःची उंची साधारण ७० फूट, म्हणजे माझ्या हिंजवडीच्या सोसायटीपेक्षा कमी. जिल्ह्यातलं खरं उंच बांधकाम वेगळंच आहे आणि ते एकेकाळी भारतात पहिल्या नंबरवर होतं. आपण तिथे दर पावसाळ्यात जातो, कणीस खातो, फोटो काढतो आणि परत येतो. भंडारदऱ्याचं विल्सन धरण!

अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ प्रवरा नदीवर हे धरण आहे. काम १९१० मध्ये सुरू झालं, मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं, आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची २७० फूट, म्हणजे सुमारे ८२ मीटर. कुतुबमिनार ७२ मीटरच्या आसपास. मुंबईचा राजाबाई टॉवर २८० फूट, म्हणजे फक्त १० फूट जास्त. विल्सननंतर आठ वर्षांनी झालेलं तामिळनाडूचं मेट्टूर धरणसुद्धा २१४ फुटांवर थांबलं. पुढे १९६३ मध्ये २२६ मीटरचं भाक्रा आलं, मग २६० मीटरचं टेहरी, आणि आपलं विल्सन यादीत खाली खाली गेलं.

मग ते उंच आहे हे आपल्याला जाणवत का नाही? कारण धरणाची उंची पायाच्या तळापासून मोजतात. आपण गाडीने जातो ते थेट माथ्यावर. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये एक साधा कठडा.

इंजिनिअरिंगला शिकलेलं थोडं आठवून बघा. पाण्याचा दाब दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरमागे साधारण १ किलोने वाढतो. म्हणजे धरण भरलेलं असताना ८० मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ८० टन! शिवाय भिंतीवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट, रेटा चौपट. इमारत उंच करताना मुख्य भांडण वाऱ्याशी आणि स्वतःच्या वजनाशी असतं. इथे उलट आहे. स्वतःचं वजन हेच हत्यार. म्हणून भिंत खाली जाड आणि वर निमुळती. आणि हे सगळं चुन्यात बांधलेल्या दगडांचं.

इतका खटाटोप कशासाठी? १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन मोठे दुष्काळ दख्खनने सोसले होते. नगर जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीत पाऊस ऐकत नाही, आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला तो येतच नाही. म्हणून डोंगरात पाणी अडवायचं, नदीने खाली सोडायचं, ओझरच्या बंधाऱ्यावर ते वळवायचं आणि दोन्ही बाजूंच्या कालव्यांनी सखल भागात न्यायचं. साठा साधारण ११ टीएमसी, म्हणजे सुमारे ३१ हजार कोटी लिटर.

आता जरा घरची गोष्ट. आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, याच कालव्यावर. आजोबांच्या बोलण्यात धरण कधी यायचं नाही, 'आवर्तन' यायचं. आवर्तन सुटलं की रात्री-बेरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं. ऑगस्ट उजाडला की एकच प्रश्न, "भंडारदरा भरलं का?" १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो याच पाण्याच्या जिवावर. ऊस, उसाचं बिल, त्यातून माझी कॉलेजची फी, मग कॅम्पस इंटरव्ह्यू आणि पुणे. थोडक्यात, माझ्या लॅपटॉपचं मूळ त्या भिंतीत आहे. आणि आजोबांनी ती भिंत शेवटपर्यंत पाहिली नाही.

मी मागच्या उन्हाळ्यात पाहिली. जलाशयाच्या वरच्या अंगाला एका घरात आम्ही मुक्कामाला होतो. मे महिना. समोर पाणी, आणि घरातल्या मावशी डोक्यावर हंडा घेऊन चढ चढून आल्या. मी न राहवून विचारलं, "एवढं पाणी समोर असताना?" त्या म्हणाल्या, "ते खालच्यांचं आहे ना." आवाजात राग नव्हता. मी गप्प बसलो, कारण ते खालचे म्हणजे आम्हीच. बुडालेली जमीन वरच्यांची, भिजलेली आमची. उंचीची किंमत कोणीतरी भरतं, आणि ते नाव कोनशिलेवर नसतं.

आणि उंची एकदा बांधून संपत नाही, ती सांभाळावीही लागते. १९६९ मध्ये धरणाला तडे गेल्याचं लक्षात आलं. मग मागच्या बाजूने टेकू देऊन ते मजबूत करण्यात आलं. जुनं सॉफ्टवेअर कुणी हात लावायला धजत नाही, पण सगळा धंदा त्यावरच चालतो, तसं हे आहे. फरक इतकाच की इथे सिस्टीम रीस्टार्ट करता येत नाही.

याच नदीवर थोडं खाली निळवंडे धरण आहे. १९७० मध्ये मंजूर झालेला तो प्रकल्प. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं. त्रेपन्न वर्षं! युद्ध मध्ये येऊनही विल्सनला सोळा लागली होती. त्या कालव्याची वाट बघत दुष्काळी गावांतली एक पूर्ण पिढी म्हातारी झाली.

असो. सोमवारी लंचला मी माझं उत्तर दुरुस्त करणार आहे. ८२ मीटर म्हटल्यावर परत हसतील, हसू देत. बुर्ज खलिफाच्या एक दशांश भरते ती उंची. पण यंदा ऑगस्टमध्ये घरी फोन केल्यावर नेहमीसारखा "भंडारदरा भरलं का?" हा प्रश्न विचारताना मला त्या मावशींचा हंडा आठवेल, हे नक्की.