केबल जोडूनही कॉम्प्युटरचं नेट सारखं तुटतंय? कंपनीला फोन करण्याआधी घरीच असं तपासा

गावोगावी फायबरचं कनेक्शन पोहोचू लागल्याने महाडीबीटीचा अर्ज, मुलांचे प्रवेश, डिजिटल सातबारा ही कामं अनेक जण घरच्या कॉम्प्युटरवरच करतात. पण अर्ज भरता भरता नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ऐन पैसे भरताना गेलं, तर पैसे पोहोचले की अडकले तेही कळत नाही. त्यामुळे बिघाड घरातला की बाहेरचा, हे आधी ओळखा.

१) मोबाईलवर बघा
कॉम्प्युटरचं नेट गेलं त्याच वेळी राउटरच्या वायफायवर मोबाईल चालतोय का? चालत असेल तर बिघाड राउटर ते कॉम्प्युटर एवढ्यातच आहे. दोन्ही बंद असतील तर राउटर किंवा बाहेरची लाईन तपासावी लागेल. 'एलओएस' हा दिवा लाल असेल तर फायबरमधून सिग्नल येत नाही. ते काम कंपनीचंच. फायबर स्वतः उपसू नका, तिच्या टोकात डोळा लावून पाहू नका.

२) केबल तपासा
केबलच्या टोकाची प्लास्टिकची क्लिप तुटली की पिन सैल बसते आणि धक्का लागताच नेट जातं. उंदरांनी कुरतडलेली, दारात चेंगरलेली केबलही असाच त्रास देते. आधी राउटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा, मग दुसरी केबल लावा. केबलमध्ये ८ तारा असतात. १००० एमबीपीएससाठी आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली तर नेट चालू राहू शकतं, पण वेग पडतो. गोठ्यापलीकडच्या खोलीत केबल न्यायची असेल तर १०० मीटरची मर्यादा पाळा.

३) पिंग करून बघा
विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत पिंग, मग राउटरचा पत्ता टाइप करून एंटर दाबा. हा पत्ता राउटरच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१. मग ८.८.८.८ ला पिंग करा. राउटरकडूनच उत्तर अधूनमधून चुकत असेल तर दोष घरात. राउटरचं उत्तर नीट येतंय, पण ८.८.८.८ चं चुकतंय, तर दोष बहुधा बाहेरचा.

४) कॉम्प्युटरची सेटिंग
डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी अडॅप्टर बंद करण्याची परवानगी दिलेली असेल तर ती टिक काढा.

५) लाईटचा घोळ
कॉम्प्युटर यूपीएसवर आणि राउटर साध्या बोर्डावर असेल, तर लाईट जरा गेली तरी राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. त्यात काही मिनिटं जातात. राउटरही यूपीएसवर घ्या. विजा कडाडत असतील तर मात्र दोघांचे प्लग आणि मधली केबल आधीच काढून ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर हात लावू नका.

एवढं करूनही नेट तुटत असेल तर कोणत्या वेळी किती वेळा गेलं ते लिहून ठेवा, पिंगच्या स्क्रीनचा फोटो काढा आणि कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्याच. नुसत्या तोंडी तक्रारीचा पाठपुरावा करता येत नाही. क्रमांक असेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते.