व्हँडा (रास्ना, वंदा)

व्हँडा (सं. वंदा, वृक्षरुहा, म. वंदा, बांदा, रास्ना, कुल-ऑर्किडेसी) : आमर म्हणजेच ऑर्किड कुलातील वृक्षवासी वनस्पतींची एक मोठी प्रजाती. हिच्या सुमारे 90 जाती आहेत. श्रीलंका आणि भारतापासून म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन, जपान, फिलिपीन्स, न्यू गिनी असा तिचा विस्तार ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत जातो. बहुतेक जातींना दमट, पावसाळी रानेच मानवतात. व्हँडा टेसेलॅटा ही जाती मात्र वेगळी. विदर्भातल्या पानगळीच्या रानात, आंबा-मोहाच्या खडबडीत खोडावर ती वाढते. ऑर्किड म्हटले की सह्याद्री, कोकण किंवा ईशान्य भारत आठवतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या आणि पाऊस आटोपला की सात-आठ महिने कोरड्या राहणाऱ्या वऱ्हाडचे नाव त्या संदर्भात कोणी घेत नाही. ते घ्यायला हवे.

नावापासूनच हे झाड आपले आहे. ‘वंदा’ हा संस्कृत शब्द अमरकोशात येतो आणि त्याला दिलेल्या पर्यायांत ‘वृक्षादनी’ व ‘वृक्षरुहा’ हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत. पहिल्याचा अर्थ झाडाला खाणारी, दुसऱ्याचा झाडावर उगवणारी. कोलकात्यात एशियाटिक सोसायटीची स्थापना करणाऱ्या विल्यम जोन्स यांनी बंगालमधल्या या आमरीचे वर्णन ‘व्हँडा’ याच नावाने केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1795 मध्ये छापले गेले. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात ही जाती वेगळ्या प्रजातीत, पण ‘टेसेलॅटम’ या विशेषणासह आली. पुढे 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी प्रजातीचे नाव शास्त्रीय रीतीने पक्के केले. आज जगभरच्या रोपवाटिकांत उच्चारला जाणारा हा शब्द असा आपल्याकडून गेलेला आहे.

वृक्षादनी आणि वृक्षरुहा यांतला फरक हाच या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. झाडावर उगवते ते सगळे बांडगूळ, असा गावोगावचा समज आहे. बांदा हे नावही बांडगूळ आणि व्हँडा या दोघांना सरसकट लावले जाते. खरे बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपले शोषक घुसवून तिचे पाणी आणि क्षार ओढते. जोडावर गाठ येते आणि पुढची फांदी हळूहळू वाळते. त्याची चिकट बी फुलटोच्यासारखे पक्षी फांद्यांना पुसतात आणि ते पसरते. व्हँडाची मुळे सालीच्या आत शिरतच नाहीत. ती सालीला धरून राहतात, सालीच्या खाचेतला पालापाचोळा, धूळ आणि ओघळून येणारे पावसाचे पाणी यांवर जगतात. आंब्याचा रस ती घेत नाहीत. तेव्हा वृक्षादनी हे नाव बांडगुळाचे आणि वृक्षरुहा हे व्हँडाचे. अमरकोशाने दोन्ही एका ओळीत बसवले. झाडावर कोयता चालवणाऱ्याने तरी ते वेगळे केले पाहिजेत.

ओळखणे अवघड नाही. बांडगुळाला फाटे फुटतात, ते झुडपासारखे दिसते आणि त्याची पाने रुंद असतात. व्हँडाचे खोड एकच, वर वर वाढत जाणारे. त्यावर दोन्ही बाजूंनी ओळीने लागलेली पट्ट्यासारखी जाड, चिवट पाने असतात. पान मधोमध पन्हळीसारखे दुमडलेले असते आणि त्याचे टोक कोणी कुरतडून टाकावे तसे वेडेवाकडे असते. पानांच्या बगलेतून बोटभर जाडीची नसली तरी चांगली दोरीएवढी मुळे निघतात, काही सालीवर चिकटून धावतात, काही हवेत लोंबतात.

या मुळांकडे जवळून पाहावे. वैशाखात ती राखेसारखी पांढुरकी दिसतात, मेलेली वाटतात. मृगाची पहिली सर त्यांच्यावर पडली की पांढरा रंग विरतो आणि आतून हिरवा वर येतो. मुळाभोवती मृत, पोकळ पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून ते पांढरे दिसते आणि ऊनही परतवते. पाणी शोषले की ते पारदर्शक होते आणि खालच्या थरातले हरितद्रव्य दिसू लागते. सालीवरून वाहून जाणारे पाणी काही क्षणच हाती असते. तेवढ्यात ते टिपून घ्यायचे आणि मग सावकाश आत मुरवायचे, असे हे काम आहे.

पाण्याची दुसरी काटकसर पानात चालते. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि तेव्हाच त्यांचे पाणी उडून जाते. व्हँडा ती रात्री उघडते. रात्रभर घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून, उन्हाच्या बळावर त्याची साखर करते. निवडुंग, अननस आणि पानफुटी यांचीही रीत हीच. बेंजामिन हाइन यांनी 1815 मध्ये याच देशातल्या पानफुटीबद्दल लिहिले होते की तिचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत बेचव होते. त्यामागचे कारण कळायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. ज्याच्या अंगणात पानफुटी आहे त्याला ही चव आजही घेऊन पाहता येईल.

टेसेलॅटा म्हणजे फरशीसारखी चौकट असलेली. फूल पाहिले की नाव पटते. चार-पाच सेंटिमीटर रुंदीचे, पिवळसर हिरवट पाकळ्यांचे हे फूल; पाकळ्यांवर तपकिरी रेषांची जाळी, जणू बारीक फरशी बसवली आहे. मधली ओठासारखी पाकळी निळसर जांभळी असते. एका तुऱ्यावर साधारण चार ते दहा फुले येतात. ती सुगंधी असतात आणि बरेच दिवस टिकतात. या जातीच्या मानाने महाराष्ट्रातली दुसरी जाती, व्हँडा टेस्टेशिया, पुष्कळ लहान फुलांची आणि पिवळी.

फळ लांबट, कंगोरेदार बोंड. ते तडकले की पिठासारखे बी वाऱ्यावर उडते. एका बोंडात हजारोंनी बिया असतात, पण कोणत्याही बीजात पुढच्या रोपासाठी शिदोरी नसते. सालीवर योग्य बुरशी भेटली आणि तिने अन्न पुरवले तरच अंकुर धरतो. साखर घातलेल्या माध्यमात, बुरशीवाचूनही आमरीचे बी रुजवता येते हे लुईस नुडसन यांनी 1922 मध्ये दाखवले आणि त्यावरच आजचा ऑर्किडचा व्यापार उभा राहिला. रानात मात्र बुरशीवाचून सुटका नाही. म्हणून जुनी, खरबरीत सालीची झाडे महत्त्वाची: बीज अडकायला खाच, ओल धरायला शेवाळ आणि बुरशी वाढायला कुजका पाचोळा हे तिथेच एकत्र मिळते. गुळगुळीत सालीच्या कोवळ्या कलमांवर हे साधत नाही.

आयुर्वेदात ‘रास्ना’ हे वातविकारांवरचे नावाजलेले द्रव्य. महारास्नादि काढा त्याच्याच नावाने ओळखला जातो. पण रास्ना नेमकी कोणती यावर प्रांतोप्रांती एकमत नाही. बंगालात व्हँडाची मुळे रास्ना म्हणून वापरतात, दक्षिणेत कुलिंजनाचा कंद, तर भारत सरकारच्या आयुर्वेदिक औषधकोशात प्लुशिया लान्सिओलॅटा या अगदी वेगळ्या कुळातल्या झुडपाची पाने दिली आहेत. औषधकोशाचा निर्णय स्पष्ट असताना झाडावरची आमर मुळांसकट ओरबाडण्याचे कारण उरत नाही.

हावेपायी एखादी जाती कशी संपत येते, याचे उदाहरण याच प्रजातीत आहे. निळ्या फुलांची व्हँडा सेरुलिया विल्यम ग्रिफिथ यांना 1837 मध्ये खासी टेकड्यांत सापडली. जोसेफ हूकर 1850 मध्ये तिथे गेले तेव्हा त्यांनी इंग्लंडमधल्या क्यूच्या वनस्पती-बागेसाठी सात माणसांचे ओझे होईल इतकी रोपे गोळा केली. 360 तुरे मोजले. इंग्लंडला त्यातली फारच थोडी जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थाच्या माळ्याने नेलेले एका माणसाचे ओझे मात्र टिकले आणि 300 पौंडांना विकले गेले. कोणी नेटाने गोळा केली तर एका हंगामात दोन-तीन हजार पौंड सहज सुटतील, असा हिशेबही हूकर यांनी लिहून ठेवला. पुढच्या संग्राहकांनी तो खरा करून दाखवला. खासी टेकड्या ओसाड होत गेल्या. वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 च्या दुरुस्तीने वनस्पतींची जी अनुसूची जोडली तिच्यात निळ्या व्हँडाला स्थान मिळाले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर सगळ्याच ऑर्किडसाठी साइट्स कराराचे बंधन आहे.

प्रजातीची हद्दही अजून हलते आहे. सिंगापूरने 1981 मध्ये राष्ट्रीय पुष्प म्हणून निवडलेली ‘व्हँडा मिस जोकिम’ आता शास्त्रात पॅपिलिओनँथे प्रजातीत गणली जाते. उलट 2012 मध्ये जपानी निओफिनेशिया व्हँडात सामावली गेली. लग्नमंडपात लावतात ती जांभळी ऑर्किड बहुधा डेंड्रोबियमची असतात. ती व्हँडा नव्हेत.

वऱ्हाडात कापूस, सोयाबीन आणि संत्र्याने वावरे भरली. वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपुरापासून महामार्गावरच्या मोझरीपर्यंत पसरलेला तिवसा तालुका असो की मेळघाटच्या पायथ्याची गावे, गावरान आंब्याच्या जुन्या झाडांना कोणी नवी जोड देत नाही. धुऱ्यावरचा असा एकेक आंबा तुटला की त्याच्यावरची वस्तीही जाते. आमराईतले बांडगूळ काढायला चढणाऱ्याने आधी पान पाहावे. दुमडलेले, कुरतडल्या टोकाचे असेल तर हात आवरावा. स्वतःच्या वावरातले झाड वादळाने पडलेच, तर त्यावरचे रोप फेकून देऊ नये. मुळे शक्य तितकी जपून ते मृगाआधी शेजारच्या आंब्याच्या किंवा मोहाच्या खोडावर, अर्धवट सावलीच्या बाजूला सुतळीने बांधावे. मुळांनी नवी साल धरली की सुतळी सोडता येते.