योग्यकर्त्याचा सुलतान आणि प्रजासत्ताक

वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांचा इतिहास वाचताना राजा आणि प्रजासत्ताक ही परस्परविरोधी पदे आहेत, असे आपण गृहीत धरतो. संस्थानिक म्हणजे परकीय सत्तेचा आश्रित, हे समीकरण मनात पक्के असते. इंडोनेशियातील योग्यकर्त्याचे सुलतान हामेंगकुबुवोनो नववे यांचे चरित्र या समीकरणाला छेद देते.

जावा बेटावरील मातारामचे राज्य १७५५ च्या गियांती तहाने दुभंगले आणि त्यातून सुराकार्ता व योग्यकर्ता ही दोन राजघराणी पुढे आली. योग्यकर्ता या नावात अयोध्येची स्मृती आहे. डचांनी ही सिंहासने राखली, पण प्रत्येक नव्या राजाला करारात जखडून. नेदरलँड्समध्ये लायडनला शिकलेले हामेंगकुबुवोनो १९४० मध्ये असाच करार करून गादीवर आले. पुढे जपानी अमलात जावातील माणसे सक्तीच्या मजुरीसाठी दूरदेशी नेली जाऊ लागली, तेव्हा सुलतानांनी आपल्याच मुलखात कालव्याचे काम काढून अनेकांना घराजवळ ठेवले.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हाट्टा यांनी स्वातंत्र्य घोषित केले. ५ सप्टेंबरला सुलतानांनी आपले राज्य प्रजासत्ताकाचा भाग असल्याचे जाहीर केले. मात्र कारभार आपल्याच हाती राहील आणि आपण थेट राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी असू, हेही त्याच जाहीरनाम्यात होते. त्याग आणि राजकीय शहाणपण येथे वेगळे काढता येत नाही.

जानेवारी १९४६ मध्ये प्रजासत्ताकाची राजधानी योग्यकर्त्यास आली. १९ डिसेंबर १९४८ रोजी डचांनी शहर घेतले आणि सुकार्नो, हाट्टा यांना कैद केले. सुलतान राजवाड्यातच राहिले, पण त्यांनी डचांशी सहकार्य नाकारले. १ मार्च १९४९ रोजी प्रजासत्ताकाच्या सैनिकांनी सुमारे सहा तास शहर ताब्यात ठेवले आणि प्रजासत्ताक जिवंत असल्याचे जगाला दाखवले. त्याच वर्षी २७ डिसेंबरला डचांनी सार्वभौमत्व सुपूर्द केले.

या हल्ल्याचे श्रेय कोणाचे? सुहार्तो राष्ट्राध्यक्ष असताना ते प्रामुख्याने त्यांनाच दिले गेले, कारण सैन्याचे नेतृत्व त्यांनी केले होते. २०२२ च्या शासकीय आदेशाने मात्र कल्पनेचे जनकत्व सुलतानांना दिले आणि त्यात सुहार्तोंचे नावही घेतले नाही. सत्ता बदलली की इतिहासाची संहिताही नव्याने संपादित होते, ती अशी.

सुराकार्त्याच्या राजघराण्याचा विशेष दर्जा १९४६ च्या राजेशाहीविरोधी आंदोलनात गेला. योग्यकर्त्यात मात्र २०१२ च्या कायद्यानुसार सुलतानच निवडणुकीविना राज्यपाल होतात. एका राजाने प्रजासत्ताकाला आधार दिला, हे खरे. पण ते ऋण लोकशाहीने वंशपरंपरेला किती पिढ्या फेडावे? हामेंगकुबुवोनो नववे यांचे मोठेपण मान्य करूनही हा प्रश्न विचारावाच लागतो.