ओळ क्रमांक १०

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टॉमस कर्ट्झ नावाचे गणिताचे प्राध्यापक भोकं पाडलेल्या कार्डांची पोलादी पेटी घेऊन सकाळची रेल्वे पकडत. ते शिकवत अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हर गावच्या डार्टमथ कॉलेजात. आणि वापरायला मिळणारा कॉम्प्युटर होता शेजारच्या राज्यात, एमआयटीमध्ये. तिथं जायचं, कार्डं यंत्राला द्यायची, चूक निघाली की दुरुस्त करून पुन्हा रांगेला लागायचं आणि संध्याकाळी परत. एखादा स्वल्पविराम चुकला तर आख्खी खेप वाया जाण्याची भीती.

त्यांचे सहकारी जॉन केमेनी मूळचे बुडापेस्टचे. लॉस अलामॉसच्या अणुबॉम्ब प्रकल्पावर त्यांनी आकडेमोड केली होती, प्रिन्स्टनला आइन्स्टाइनचे गणिती सहायक म्हणूनही काम केलं होतं. डार्टमथचे सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र असले विषय घेणारे. उद्या कंपन्या आणि सरकारी खाती चालवणार तेच, मग कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्यांनाच ठाऊक नसेल तर कसं चालायचं, असा या दोघांचा रोकडा सवाल होता. फोरट्रान आणि अल्गोल या भाषा इतिहासाच्या मुलाच्या गळी उतरणाऱ्या नव्हत्या. तेव्हा नवी भाषा करायची आणि तिच्या जोडीला एकच यंत्र अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्थाही उभी करायची, असं ठरलं. प्रत्यक्ष काम बहुतांशी पदवीच्या विद्यार्थ्यांनी केलं. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन टेलिटाइपवरून एकाच वेळी ‘रन’ असा हुकूम गेला आणि दोन्हीकडे बरोबर उत्तर छापून आलं. बेसिक चालू झाली.

पहिल्या बेसिकमध्ये जेमतेम चौदा-पंधरा कमांड होत्या. लेट, प्रिंट, इफ, देन, फॉर, नेक्स्ट, गोटू, एंड. वापरणाऱ्याला मधेच प्रश्न विचारणारी ‘इनपुट’ ही कमांड त्यात नव्हती. ती पुढं आली. प्रत्येक ओळीला क्रमांक का, याचं उत्तर त्या टेलिटाइपमध्ये आहे. पडदा नव्हता, कागदावर छापलेलं खोडता येत नव्हतं. ३० क्रमांकाची ओळ चुकली तर पुन्हा ३० लिहून ती नव्यानं टाइप करायची, यंत्र जुनी टाकून नवी ठेवणार. आणि क्रमांक १०, २०, ३० असे दहा-दहाच्या अंतरानं द्यायचे, म्हणजे काही विसरलं तर मधे १५ घुसवायला जागा राहते. कागदावर छापणाऱ्या यंत्राची ही सोय पुढं टीव्हीचा पडदा असलेल्या घरगुती कॉम्प्युटरांनीही निमूटपणे चालू ठेवली.

भाषा कॉलेजात जन्मली खरी, पण ती पसरली खेळांमुळं. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या शिक्षण विभागातल्या डेव्हिड आल यांनी १९७३ साली बेसिकमधल्या एकशे एक खेळांचं पुस्तक काढलं: चंद्रावर यान उतरवा, हम्मुराबीचं राज्य चालवा, स्टार ट्रेकची लढाई लढा. सगळे खेळ ओळीनं छापलेले, वाचकानं टाइप करून घ्यायचे. १९७८ च्या सुधारित आवृत्तीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यातले कित्येक प्रोग्रॅम एक-दोन पानांत मावणारे होते, हे तिच्या खपाचं खरं रहस्य.

तोवर कॉम्प्युटर घरात आला होता, पण घरात येऊन करायचं काय हे कुणाला उमगत नव्हतं. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर झळकलेला अल्टेअर ८८०० म्हणजे बटणं आणि दिवे असलेली पेटी. मूळ मेमरी २५६ बाइट. एकेक आकडा खटके वरखाली करून भरायचा. हार्वर्डमधला विद्यार्थी बिल गेट्स आणि त्याचा मित्र पॉल ॲलन यांनी हा अंक पाहिला आणि अल्टेअर बनवणाऱ्या एमआयटीएस कंपनीला कळवलं, आमच्याकडं तुमच्या यंत्रासाठी बेसिक आहे. नव्हती. अल्टेअरही नव्हता, त्यातली ८०८० ही चिपही नव्हती. ॲलननं हार्वर्डच्या मोठ्या पीडीपी-१० वर त्या चिपची नक्कल उभी केली, गेट्सनं तिच्यावर बेसिक लिहिली आणि दशांश अपूर्णांकांचं किचकट गणित माँटी डेव्हिडॉफ या दुसऱ्या विद्यार्थ्यानं सांभाळलं. ॲलन एमआयटीएसच्या गावी, अल्बुकर्कीला विमानानं निघाला तेव्हा वाटेत त्याच्या ध्यानात आलं की कागदी पट्टीवरची बेसिक यंत्रात चढवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचाच राहिला आहे. तो त्यानं विमानातच लिहून काढला. खऱ्या अल्टेअरवर त्यांची बेसिक तोवर कधी चाललीच नव्हती. दोन अधिक दोन विचारल्यावर यंत्रानं चार असं उत्तर छापलं.

एमआयटीएसनं ही बेसिक मेमरी बोर्डाबरोबर स्वस्त आणि सुटी महाग विकली. बोर्ड मात्र सदोष निघत. गिऱ्हाइकांनी सरळ मार्ग काढला: बोर्ड दुसरीकडून घ्यायचा आणि बेसिकची पट्टी मित्राकडून. १९७५ च्या उन्हाळ्यात पालो अल्टोमधल्या एका प्रात्यक्षिकातून अशी एक पट्टी गायब झाली आणि होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्ये तिच्या प्रती वाटल्या गेल्या. अट एवढीच, की एक नेणाऱ्यानं पुढच्या वेळी दोन आणायच्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्सनं हौशी मंडळींना उद्देशून जाहीर पत्र लिहिलं. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे, बाकीचे चोर आहेत, असा त्याचा सूर होता. मंडळी भडकली. त्याच सुमारास ‘टायनी बेसिक’ जन्माला आली: दोन-तीन हजार बाइटांत मावणारी आणि मासिकांत छापून फुकट दिलेली. तिचा एक कर्ता ली-चेन वांग यानं आपल्या प्रोग्रॅमच्या माथ्यावर, सगळे हक्क राखून ठेवण्याऐवजी सगळे ‘अन्याय’ राखून ठेवल्याची थट्टा छापली. रेडिओ शॅक कंपनीनं १९७७ साली आणलेल्या टीआरएस-८० ची पहिली बेसिक त्याच वांगच्या बेसिकवरून बेतलेली होती. तिला चुका दाखवणारे संदेश अवघे तीन ठाऊक होते: ‘व्हॉट?’, ‘हाऊ?’ आणि ‘सॉरी’.

१९७७ हे वर्ष महत्त्वाचं, कारण ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० या तिन्ही यंत्रांत बेसिक कायमच्या मेमरीत कोरलेली होती. चालू केलं की लगेच कर्सर लुकलुकत हुकमाची वाट पाहायचा. खेळायचं असलं तरी कॅसेटवरून खेळ चढवण्याची आज्ञा बेसिकमध्येच द्यावी लागे. लाखो घरांतल्या मुलांनी प्रोग्रॅमिंग मुद्दाम शिकायचं ठरवलं नव्हतं. यंत्राच्या दारातच ते उभं होतं. बेसिकचं यश तिच्या सोपेपणात शोधणारे हा मुद्दा विसरतात. सोप्या भाषा इतरही होत्या, पण त्या यंत्राबरोबर आपोआप घरात आल्या नाहीत.

ब्रिटनमध्ये हे वेड आणखी स्वस्तात पसरलं. क्लाइव्ह सिंक्लेअरचा १९८१ चा झेडएक्स८१ सुट्या भागांत ४९.९५ पौंडांना आणि जोडून ६९.९५ पौंडांना मिळे. मेमरी १ किलोबाइट. एवढ्या जागेत शब्द अक्षरशः साठवणं परवडणारं नव्हतं, म्हणून प्रत्येक कमांडला एक बाइट आणि की-बोर्डवर एक बटण: ‘पी’ दाबलं की आख्खा ‘प्रिंट’ उमटायचा. त्याच वर्षाअखेरीस केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. बीबीसीनं त्याच्याभोवती दूरचित्रवाणी मालिका बेतली, सरकारनं शाळांना निम्मी किंमत दिली. त्याची बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिली होती, आणि ती त्या काळातल्या घरगुती बेसिकांत सगळ्यात सुघड होती, यावर फारसा वाद होऊ नये. याच विल्सननी पुढं एआरएम चिपच्या आज्ञांची रचना केली आणि ती आधी बीबीसी बेसिकमध्येच नक्कल करून तपासली. आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये त्याच घराण्याच्या चिप असतात.

कमोडोर ६४ ची गोष्ट उलटी. १९८२ साली आलेलं हे यंत्र चित्रांत आणि आवाजात सगळ्यांच्या पुढं, पण कमोडोरनं त्यात मायक्रोसॉफ्टची जुनीच बेसिक बसवली. चालू केल्यावर निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट मोकळे असल्याची नोंद आणि खाली ‘रेडी’. रंग बदलायला, सूर काढायला कमांडच नव्हती. ‘पोक ५३२८०, ०’ असं टाइप केलं की पडद्याची किनार काळी होई. म्हणजे मेमरीच्या ५३२८० क्रमांकाच्या घरात शून्य नेऊन ठेवायचं. असे शेकडो पत्ते मुलं पाठ करत. कंपनीच्या काटकसरीतून एक पिढी यंत्राच्या पोटात डोकवायला शिकली, हे मात्र कुणी योजलेलं नव्हतं.

मासिकांत महिन्याला पानंच्या पानं प्रोग्रॅम छापून येत. तास-दोन तास टाइप करायचं, आणि चालवण्याआधी कॅसेटवर साठवायचं, कारण ‘डेटा’च्या ओळीतला एक आकडा चुकला तर यंत्र थिजून सगळं पुसलं जाई. ‘कम्प्यूट्स गॅझेट’नं १९८३ साली त्यावर तोड काढली: ओळ पुरी झाली की तपासणीचा आकडा पडद्यावर यायचा आणि तो छापील आकड्याशी ताडून पाहायचा. हॉलंडमध्ये ‘हॉबीस्कूप’ हा नभोवाणी कार्यक्रम चक्क प्रोग्रॅम प्रसारित करी. श्रोते ती करकर कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून कॉम्प्युटरला ऐकवत. प्रत्येक कंपनीची बेसिक वेगळी, म्हणून त्यासाठी ‘बेसिकोड’ नावाची सामाईक बोलीही तयार झाली.

भारतात हा काळ आयात शुल्काच्या भिंतीआडून गेला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो पोचले. महाराष्ट्रातल्या बहुतेकांची बेसिकशी गाठ पडली ती त्यानंतर, पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकच्या रूपानं: शाळेच्या वातानुकूलित लॅबमध्ये, चपला बाहेर काढून, एका यंत्रामागं तिघं-चौघं बसून. तालुक्याच्या गावच्या कॉम्प्युटर क्लासातही डॉस, वर्डस्टार, डीबेसच्या पंगतीत ती असायचीच. आपल्याकडं मात्र ती परीक्षेचा विषय म्हणून आली. पहिल्या शंभर आकड्यांची बेरीज वहीत लिहून गुण मिळवता येत. रात्री दोनपर्यंत खेळ टाइप करत बसायला घरी यंत्र होतं कुठं?

पंडितांना बेसिक कधीच रुचली नाही. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी प्रोग्रॅमला एका ओळीवरून थेट दुसरीवर उडी मारायला लावणाऱ्या ‘गोटू’वर १९६८ सालीच हल्ला चढवला होता, १९७५ मध्ये तर त्यांनी लिहिलं की बेसिक शिकून आलेल्या विद्यार्थ्याला धड प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळजवळ अशक्य आहे. ‘गोटू’बद्दल ते बरोबर होते. माणसांबद्दल चुकले. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याचा श्रीगणेशा आजोबांच्या कमोडोर व्हिक-२० वर बेसिकमध्येच झाला. गंमत म्हणजे या घरगुती बेसिकांवर सगळ्यात जास्त नाराज होते ते खुद्द केमेनी आणि कर्ट्झ. डार्टमथची मूळ बेसिक आधी पूर्ण भाषांतर करून मग वेगानं चालायची आणि तिच्यात वर्षानुवर्षं सुधारणाही होत होत्या. चार-आठ किलोबाइटांत कोंबलेल्या अवतारांना ते ‘रस्त्यावरची बेसिक’ म्हणत. १९८५ साली त्यांनी ‘ट्रू बेसिक’ बाजारात आणली. ती शुद्ध होती, पण तोवर उशीर झाला होता.

१९८४ चा मॅकिंटॉश चालू केला की समोर चित्रं यायची, बेसिक नाही. पीसीवर ती डॉसबरोबर काही वर्षं टिकली, विंडोजबरोबर कोपऱ्यात गेली आणि मग नव्या यंत्रांत दिसेनाशी झाली. केमेनी १९९२ साली गेले, कर्ट्झ नोव्हेंबर २०२४ मध्ये. मायक्रोसॉफ्टनं २०२० मध्ये जीडब्ल्यू-बेसिकचा आणि २०२५ मध्ये कमोडोर-ॲपलच्या काळातल्या, ६५०२ या चिपसाठीच्या बेसिकचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी खुला केला. ज्या प्रतींवरून १९७६ साली चोरीचा आरोप झाला, त्यांचे वारसदार आता कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतो.